शाशी
शाशी : चीनच्या युन्नान प्रांतातील, चहा-घोडे मार्गावरचे एक जुने बाजारगाव. दाली बाई स्वायत्त विभागाच्या ज्येनछ्वान तालुक्यात, दाली आणि लीज्यांग या शहरांच्या दरम्यान, सुमारे २,१०० मी. उंचीवरील खोऱ्यात ते वसले आहे. वस्ती मुख्यतः ‘बाई’ नावाच्या जमातीच्या लोकांची. गावाच्या कडेने हेइह्वेइ नदी वाहते.

तिबेटच्या पठारावर चहा पिकत नाही, पण लोणी घालून घुसळलेल्या चहावाचून तिथले पान हलत नाही. उलट चिनी राज्यकर्त्यांना घोडे हवे असत. या गरजांतून दक्षिण युन्नानमधील चहा, दाबून वड्या-चकत्या केलेला, खेचरांच्या पाठीवरून उत्तरेकडे जाऊ लागला. शाशीचे नशीब मात्र चहापेक्षा मिठाने उघडले असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल. आसपासच्या डोंगरांत खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. ते पाणी आटवून काढलेले मीठ शाशीच्या बाजारात येई आणि तांडे ते तिबेटकडे नेत. हा मार्ग म्हणजे एक सलग रस्ता नव्हे, तर घाटवाटांचे जाळे होते. त्याचे आज रूढ असलेले ‘चामा गुदाओ’ (चहा-घोड्यांची जुनी वाट) हे नाव १९९० च्या सुमारास युन्नानमधील अभ्यासकांनी दिले. म्हणजे वाट मोडली आणि मग तिचे बारसे झाले.

गावाचा जीव सिदेंग चौकात आहे. तांबड्या वालुकाश्माच्या फरश्या, दोन जुनी झाडे, एका बाजूला देऊळ आणि त्याच्यासमोर तीनमजली नाट्यमंडप. भोवती दुकाने आणि तांड्यांच्या सराया. सरायांत खेचरे खाली आणि माणसे वर अशी सोय असे. देव, बाजार आणि तमाशा एकाच अंगणात नांदत. देऊळ म्हणजे १४१५ मध्ये, मिंग काळात बांधलेले शिंगज्याओ बौद्ध मंदिर. ते ज्या तांत्रिक पंथाचे, त्याला ‘आजाली’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘आचार्य’ वरून आला. या पंथाचे पुरोहित संसारी असत, हे त्याचे वेगळेपण. गावाबाहेर नदीवर युजिन हा एककमानी दगडी पूल आहे. तांडे त्यावरून गावात शिरत.

जवळच्या शिबाओशान डोंगरातील लेणी नवव्या शतकापासून, युन्नानमधील नानचाओ आणि पुढे दाली या जुन्या राज्यांच्या काळात, कोरली गेली. त्यांत अवलोकितेश्वराबरोबर नानचाओचे राजेही दरबारासह बसलेले आहेत. एका कोनाड्यात योनीचे शिल्प आहे आणि अपत्यप्राप्तीसाठी स्त्रिया त्याची पूजा करतात. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. चीनने १९६१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकांच्या पहिल्याच यादीत या लेण्यांचा समावेश होता.

दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये चीनला रसद पोचवणारा ब्रह्मदेशातला रस्ता तोडला, तेव्हा या खेचरवाटांना अखेरचा बहर आला. भारतातील कालिंपाँगहून ल्हासामार्गे माल लीज्यांगला येऊ लागला. पुढे १९५४ मध्ये तिबेटकडे जाणारे महामार्ग खुले झाले आणि तांड्यांचे दिवस सरले. शाशी आडबाजूला पडले. लीज्यांगसारखी गर्दी तिथे झाली नाही, मातीच्या विटांची घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाही आला नाही. चौक टिकला तो त्यामुळे. जागतिक स्मारक निधीने २००२ च्या धोक्यातील १०० स्मारकांच्या यादीत तो घेतला. त्यानंतर झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने स्थानिक प्रशासनाबरोबर डागडुजी हाती घेतली. जुने लाकूड आणि जुनी भिंत शक्य तितकी तशीच ठेवायची, उगाच चकचकीत करायचे नाही, असे धोरण होते.

दाली किंवा लीज्यांगहून बसने ज्येनछ्वानला उतरून पुढे छोट्या गाडीने शाशीला जाता येते. दिवस निवडायचा असेल तर शुक्रवार निवडावा. त्या दिवशी आठवडी बाजार भरतो आणि डोंगरावरून यी जमातीचे लोकही खाली उतरतात. बाजार मात्र आता चौकात नसतो, मोटाररस्त्याच्या कडेने भरतो. चौकात त्या वेळी झाडाखाली बसलेली म्हातारी माणसेच तेवढी भेटतात.