फिफा आणि आयएफएबी : स्पर्धा कोणाच्या, नियम कोणाचे?

ऑफसाइडच्या किंवा हँडबॉलच्या नियमात काही फेरफार झाला की ‘फिफाने नियम बदलला’ अशी बातमी हमखास वाचायला मिळते. ती चुकीची असते, कारण फुटबॉलचे नियम बदलण्याचा अधिकार एकट्या फिफाला नाही. तो इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड, म्हणजे आयएफएबी या वेगळ्या संस्थेचा आहे. क्रिकेटचे कायदे लंडनचा एमसीसी क्लब सांभाळतो आणि विश्वचषक मात्र आयसीसी भरवते, हे माहीत असलेल्या वाचकाला अशा विभागणीचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच की फुटबॉलमध्ये स्पर्धा भरवणारी संस्था नियम करणाऱ्या मंडळातही बसते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दोहोंपैकी वयाने मोठी आयएफएबी. १८८६ पूर्वी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चारही फुटबॉल संघटना आपापल्या नियमांनी खेळत असत आणि एकमेकांशी सामना ठरला की कोणाचे नियम लावायचे यावरून वाद होत. तो मिटवण्यासाठी त्या वर्षीच्या २ जूनला या चौघांच्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये पहिली बैठक घेतली. फिफाचा जन्म त्यानंतर १८ वर्षांनी, २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. तिच्या सात संस्थापक देशांत एकही ब्रिटिश संघटना नव्हती. नव्या संस्थेने स्वतःचे नियम लिहिण्याऐवजी बोर्डाचेच नियम स्वीकारले आणि १९१३ मध्ये तिला त्या बोर्डात जागा मिळाली. पुढे हौशी खेळाडूंना द्यायच्या भरपाईवरून बिनसल्यामुळे ब्रिटिश संघटना १९२८ ते १९४६ या काळात फिफाबाहेर राहिल्या आणि पहिल्या तिन्ही विश्वचषकांत त्यांतला एकही संघ खेळला नाही; तरी नियमांच्या बोर्डावर मात्र दोन्ही पक्ष एकत्र बसत राहिले. या दोन संस्था वेगळ्या आहेत याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

आज फिफाच्या २११ सदस्य संघटना आहेत आणि त्या सहा खंडीय महासंघांत विभागलेल्या आहेत. भारत त्यांपैकी आशियाई महासंघात, म्हणजे एएफसीत येतो. फिफाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्वसाधारण सभेत, प्रत्येक संघटनेला एकच मत असते, त्यामुळे तिथे ब्राझील, भारत आणि एखादे चिमुकले बेट यांचे वजन सारखेच. आयएफएबीचे गणित निराळे आहे. तिथे एकूण आठ मते असतात : चार ब्रिटिश संघटनांना प्रत्येकी एक आणि फिफाला चार. नियम बदलायचा तर तीन चतुर्थांश, म्हणजे सहा मते लागतात. फिफाला निदान दोन ब्रिटिश संघटनांना पटवल्याशिवाय काही करता येत नाही, आणि चौघी ब्रिटिश संघटना एकत्र आल्या तरी फिफावाचून त्यांचेही पान हलत नाही.

याचा अर्थ असा की ऑफसाइडच्या नियमावर भारताला थेट मत नाही, पण १९ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या उत्तर आयर्लंडला आहे. हा इतिहासाने दिलेला विशेषाधिकार आहे आणि आजच्या जगात त्याचे तात्त्विक समर्थन करणे अवघड आहे. तरीही माझे मत या रचनेच्या बाजूने झुकते. स्पर्धांचे प्रक्षेपण विकून पैसा उभा करणाऱ्या संस्थेच्या एकट्या हातात खेळाचे नियम नसावेत, एवढी अडचण ही रचना नक्कीच निर्माण करते. शिवाय उत्तर आयर्लंडच्या या लहान संघटनेचे, म्हणजे १८८६ च्या चौघांतल्या आयरिश संघटनेचे, योगदानही मोठे आहे. १८९१ मध्ये नियमांत आलेली पेनल्टी किक ही विल्यम मॅकक्रम या तिथल्या गोलरक्षकाची कल्पना होती, आणि ती बोर्डापुढे मांडली आयरिश संघटनेनेच.

इतर २०७ संघटनांचे म्हणणे आयएफएबीपर्यंत फिफाच्या चार मतांतूनच पोहोचते. हे कसे घडते याचे चांगले उदाहरण आशियातलेच आहे. २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला डोके झाकणाऱ्या पोशाखामुळे जॉर्डनविरुद्धचा ऑलिम्पिक पात्रता सामना खेळू दिला गेला नाही. फिफाचे तत्कालीन आशियाई उपाध्यक्ष, जॉर्डनचे राजपुत्र अली यांनी हा प्रश्न लावून धरला. पोशाखाचा मुद्दा नियमांच्या कक्षेत येत असल्याने निर्णय आयएफएबीलाच घ्यावा लागला : २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी आणि २०१४ मध्ये कायमची.

मग फिफाचे स्वतःचे काय? विश्वचषकात किती संघ घ्यायचे (२०२६ पासून ४८), खेळाडूने एका क्लबातून दुसऱ्या क्लबात कोणत्या अटींवर जायचे, कोणता खेळाडू कोणत्या देशाकडून खेळू शकतो, कोणत्या संघटनेला निलंबित करायचे, हे सारे तिचे अधिकार. याउलट मैदानाची लांबी-रुंदी, चेंडूचे वजन, ऑफसाइड, फाउल, पेनल्टी हे सगळे आयएफएबीच्या १७ नियमांत येते.

भारताला या विभागणीचा अनुभव ऑगस्ट २०२२ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार गेला, तेव्हा फिफाने त्याला त्रयस्थ हस्तक्षेप ठरवून महासंघाला निलंबित केले. ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला आशियाई क्लब स्पर्धेत न खेळता परतावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे ठरलेला १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जाण्याची वेळ आली. पण निलंबनाची बातमी ताजी असतानाच, १६ ऑगस्टला, कोलकात्यात मोहम्मेडन विरुद्ध एफसी गोवा या लढतीने ड्युरँड चषक ही देशांतर्गत स्पर्धा सुरू झाली, आणि तीही त्याच १७ नियमांनी. फिफाने भारताचे आंतरराष्ट्रीय दार बंद केले होते. खेळ कसा खेळायचा याच्याशी त्या आदेशाचा संबंध नव्हता. समिती बरखास्त झाल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि विश्वचषकाचा अंतिम सामना ठरल्याप्रमाणे नवी मुंबईतच झाला.

मात्र दोन्ही संस्था एकमेकींपासून पूर्ण अलिप्त आहेत असे समजणेही चूक ठरेल. आयएफएबीकडे नियम पाळायला लावणारी कोणतीही यंत्रणा नाही. सदस्य संघटनांनी आयएफएबीच्याच नियमांनी खेळले पाहिजे, हे बंधन फिफाच्या घटनेत लिहिलेले आहे. म्हणजे नियमांचा मजकूर एकीचा आणि त्यामागचा धाक दुसरीचा.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत ही गुंतागुंत आणखी वाढते. मार्च २०१० मध्ये आयएफएबीने गोलरेषा तंत्रज्ञान नाकारले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका गोलरेषेच्या स्पष्टपणे आत पडूनही गोल दिला गेला नाही. तोवर विरोधात असलेले फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांना विषय पुन्हा उघडावा लागला आणि जुलै २०१२ मध्ये परवानगी मिळाली. परवानगी आयएफएबीने दिली, पण ती यंत्रणा तपासून प्रमाणित करण्याचे काम फिफाकडे राहिले. व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाला मदत करणाऱ्या व्यवस्थेला, मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली ती आयएफएबीने. ते रशियातल्या विश्वचषकात वापरायचे हे ठरवले फिफाने.

तिसरा थर प्रत्यक्ष स्पर्धा भरवणाऱ्यांचा, आणि तो बहुधा विसरला जातो. मे २०२० मध्ये कोरोनामुळे आयएफएबीने पाच बदली खेळाडूंची तात्पुरती मुभा दिली, पण ती घ्यायची की नाही हे प्रत्येक स्पर्धेवर सोडले. त्यामुळे इंग्लिश प्रीमियर लीगच्या क्लबांनी पुढचे दोन हंगाम तीनच बदली खेळाडू ठेवले आणि पाचांचा नियम २०२२-२३ पासून स्वीकारला. त्या दोन हंगामांत युरोपातल्या इतर मोठ्या लीगमध्ये पाच बदल होताना पाहून इंग्लिश लीगचे ‘नियमच वेगळे’ असे म्हणणाऱ्यांना हा थर ठाऊक नव्हता.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना रंगतो तेव्हाही हे तिन्ही थर हजर असतात. खेळाडूच्या नोंदणीचा धागा जिल्हा संघटनेकडून राज्य संघटनेकडे, तिथून अखिल भारतीय महासंघाकडे आणि शेवटी फिफाकडे जातो. बाद फेरीची रचना आणि बक्षिसे आयोजक ठरवतात. आणि पंचाने ऑफसाइडची शिट्टी फुंकली, तर ती अकराव्या नियमाप्रमाणे असते, जो बदलायला आठांपैकी सहा मते लागतात.