शातो गायार : दोन वर्षांत उभा, सहा महिन्यांत सर

फ्रान्समध्ये पॅरिसहून रूआनकडे जाणारी सीन नदी लेझांदली गावापाशी मोठं वळण घेते. त्या वळणावर, पांढऱ्या चुनखडकाच्या कड्यावर, पात्रापासून सुमारे १०० मीटर उंच शातो गायार या गडाचे अवशेष आहेत.

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड हा इथल्या नॉर्मंडी प्रांताचाही ड्यूक, म्हणजे अधिपती, आणि फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपचा डोळा नॉर्मंडीवर. ११९६ च्या तहात इथे तटबंदी करायची नाही असं ठरलं होतं, शिवाय जागा रूआनच्या आर्चबिशपची. रिचर्डने कुणालाच जुमानलं नाही. सुमारे १२,००० पौंड ओतून ११९८ पर्यंत त्याने गड पुरा केला. आर्चबिशपला पुढे दिएप बंदर देऊन गप्प करावं लागलं.

सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ही मांडणी लगेच उमगेल. वर यायला एकच सोंड. तिच्या तोंडावर त्रिकोणी परकोट, मग खंदक, मधला कोट, शेवटी बालेकिल्ला. त्याचा तट सपाट नाही, करंजीच्या मुरडीसारखे अर्धगोल फुगवटे एकमेकांना लागून आहेत.

११९९ मध्ये रिचर्ड गेला, गादी भाऊ जॉनकडे आली. १२०३ मध्ये फिलिपने वेढा घातला, तेव्हा पायथ्याचे लोक जीव वाचवायला गडावर गेले होते. धान्य पुरावं म्हणून किल्लेदार रॉजर डी लेसीने त्यांना बाहेर काढलं. पहिल्या काही जणांना फ्रेंचांनी वाट दिली, नंतरच्या शेकडोंना नाही. मागे फिरले तर दरवाजे बंद. ऐन हिवाळ्यात ही माणसं दोन फौजांच्या मधल्या उतारावर, गवत आणि कुत्री खाऊन राहिली. फिलिपसोबत असलेल्या गियोम ल ब्रेतों या धर्मगुरूने ते लिहून ठेवलं आहे. फिलिपने अखेर त्यांना सोडलं, पण तोवर कितीतरी मेले होते. या गडाबद्दल वाचताना मला तटांआधी तो उतार आठवतो.

गड टप्प्याटप्प्याने पडला. परकोटाच्या बुरुजाखाली खणून तो ढासळवला. मधल्या कोटात जॉनने बांधलेल्या इमारतीतून सैनिक आत शिरले. बालेकिल्ल्यापुढे खंदकात खडकाचाच पूल राखला होता, त्याने खणणाऱ्यांना आयता आडोसा दिला. ६ मार्च १२०४ रोजी गड सर झाला, जूनमध्ये रूआनही गेलं आणि नॉर्मंडी फ्रान्सची झाली.

१५९९ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा आंरी याने गड पाडायचा हुकूम दिला. मागणी प्रतिनिधी सभेची होती : पुन्हा कुणी फौज इथे ठाण मांडली, तर भोगावं लागेल ते आसपासच्या गावांना.