व्हेपिंग आणि पचन

व्हेपिंग आणि पचन : ई-सिगारेट, बोलीत 'व्हेप', ओढल्याने अन्ननलिका, जठर आणि आतड्यांवर होणारे परिणाम. छातीत जळजळ, करपट ढेकर, मळमळ, पोट फुगणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ अशा तक्रारी यात येतात. नागपुरात या सगळ्याला सरसकट 'पित्त' किंवा 'अॅसिडिटी' म्हणतात आणि दोष सावजी रश्श्याला, तर्री-पोह्याला किंवा मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हाला दिला जातो. खिशातल्या पेनाएवढ्या यंत्राकडे कोणाचे लक्ष जात नाही.

व्हेपमध्ये तंबाखूचे पान जळत नाही. बॅटरीवर तापणारी कॉइल एक द्रव गरम करते आणि त्याचे सूक्ष्म थेंब हवेबरोबर तोंडात येतात. हिला वाफ म्हणायची पद्धत पडली आहे, पण हे खरे तर तुषार आहेत. त्यातले बरेचसे फुप्फुसात उतरतात. काही जिभेवर, टाळूवर, घशात बसतात आणि लाळेबरोबर गिळले जातात. आजचे उपकरण ज्यातून विकसित झाले ते चिनी औषधनिर्माता होन लिक याने 2003 च्या सुमारास तयार केले. द्रवात प्रामुख्याने प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वाद असतात.

पोटाच्या दृष्टीने यातले मुख्य द्रव्य निकोटीन. आतड्यांच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतःचे मोठे जाळे असते आणि त्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) निरोप घेतात त्यांतल्या एका प्रकाराचे नावच निकोटिनिक आहे. त्यामुळे निकोटीन फुप्फुसातून रक्तात गेले तरी पचनसंस्थेपर्यंत पोहोचते. पोटात गिळले जाण्याचीही गरज नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. अन्न खाली गेले की ती मिटते. निकोटीनने तिचा ताण कमी होतो आणि जठरातले आम्ल वर चढते. एरवी गिळलेली लाळ हे आम्ल काही प्रमाणात शमवते, कारण लाळेत बायकार्बोनेट असते. प्रोपिलीन ग्लायकॉल पाणी ओढून घेते, तोंड कोरडे पडते, आणि तो आधारही कमी होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीरात आधीच पाण्याची ओढ असताना हा कोरडेपणा अधिक जाणवतो.

सावजीचा प्रश्न इथे नीट पाहायला हवा. नागपूरच्या कोष्टी समाजाच्या घरांतून आलेल्या या रश्श्यात तेल आणि तिखट भरपूर असते. स्निग्ध, पोटभर जेवणानेही तीच झडप सैल पडते, जठर ताणले जाते. अशा जेवणावर लगेच चार-सहा झुरके मारले की दोन कारणे एकाच जागी एकत्र येतात. रात्री आडवे झाल्यावर घशाशी आंबट येते आणि 'काल सावजी जास्तच तिखट होते' असा निष्कर्ष निघतो. वर्षानुवर्षे तेच जेवण सोसणाऱ्या माणसाला अलीकडेच जळजळ सुरू झाली असेल, तर अलीकडे काय बदलले हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. पुदिन्याचा किंवा मेंथॉलचा स्वाद 'थंड' वाटतो म्हणून अनेकजण तोच निवडतात. पुदिन्याचे तेल मात्र झडप सैल करणाऱ्या पदार्थांतच मोडते.

मळमळीचे कारण वेगळे. मेंदूच्या तळाशी उलटीची सूचना देणारा एक भाग आहे आणि निकोटीन त्याला थेट चाळवते. तंबाखूचा पहिला बार भरणाऱ्याला घेरी येते, घाम फुटतो, ते यामुळेच. सिगारेटला निदान शेवट असतो : ती विझते, आणि एका सिगारेटमधून साधारण 1 ते 1.5 मिलिग्रॅम निकोटीन शरीरात शोषले जाते. व्हेप विझत नाही. युरोपीय संघाने द्रवातील निकोटीनला मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तर 5 टक्के छापलेल्या पॉडमध्ये, म्हणजे व्हेपला लावायच्या द्रवाच्या कुपीत, हेच प्रमाण ढोबळमानाने 50 मिलिग्रॅम असते. त्यात निकोटीन क्षाररूपात असेल तर घशाला ठसका लागत नाही आणि किती ओढले याचा अंदाजच राहत नाही. सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर ओढणाऱ्यांना याचा त्रास अधिक होतो. झुरक्याबरोबर हवाही गिळली जाते. ढेकरा आणि फुगलेले पोट यांचा काही भाग निव्वळ या हवेचा असतो.

मोठ्या आतड्याला मात्र निकोटीन हलवते. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल 'खर्रा घेतल्याशिवाय प्रेशर येत नाही' हे वाक्य विदर्भात कुठल्याही पानठेल्यावर ऐकायला मिळते आणि त्यात तथ्य आहे. व्हेपनेही तेच होते, काहींना पातळ शौचापर्यंत. म्हणूनच सोडल्यावर पहिले काही आठवडे पोट साफ होत नाही, भूक वाढते; हा निकोटीनचा रेटा काढून घेतल्यावर आतडे पुन्हा आपल्या चालीवर येईपर्यंतचा काळ असतो. पाणी, फळे, भाजी आणि रोजचे चालणे यांनी तो निभतो.

निकोटीन नसलेला द्रव निरुपद्रवी असतो, हा समज पसरला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निकोटीनविरहित तुषारांच्या दीर्घ संपर्काने उंदरांच्या आतड्यातील आणि मानवी पेशींपासून वाढवलेल्या नमुन्यांतील पेशींना जोडणारे घट्ट सांधे सैल झाले व दाह वाढला असे दिसले. हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत. माणसाच्या पोटाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण 'नुसती फ्लेवरवाली वाफ' या शब्दांवर विसंबू नये इतके ते नक्कीच सांगतात. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेपशी निगडित फुप्फुसविकाराची साथ आली, तिचा मुख्य संबंध गांजातील घटक असलेल्या द्रवांतील व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी लागला. त्यातील बहुसंख्य रुग्णांना श्वासाच्या त्रासाबरोबर उलट्या, मळमळ, पोटदुखी किंवा जुलाबही होते. त्यामुळे व्हेप ओढणाऱ्याला उलट्यांसोबत खोकला, ताप किंवा दम लागत असेल तर त्याला नुसते पोटाचे दुखणे समजू नये.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर (प्लॅस्टिकच्या कागदावर) घोटून केलेले मिश्रण. त्याने तोंड उघडेनासे झालेले रुग्ण नागपूरच्या दंत महाविद्यालयाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, तरी खर्रा टिकला. थुंकणे नाही, दातांवर डाग नाही, घरी वास येत नाही, या तीन गोष्टींनी व्हेप तरुणांना सोयीचा वाटतो. काहीजण दोन्ही घेतात आणि मग निकोटीनची बेरीज होते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, 'तंबाखू, खर्रा, सिगारेट?' पोरगा 'नाही जी' म्हणतो, आणि शब्दशः पाहता ते खोटेही नसते. आई शेजारी बसलेली असते. गोळी लिहून दिली जाते, महिन्याभराने तक्रार परत येते. म्हणून व्हेपचे नाव घेऊन, शक्यतो एकट्याला विचारणे हा या तक्रारीच्या तपासणीतला सर्वांत उपयोगी भाग आहे.

न बोलण्यामागे कायद्याची भीतीही असते. 2019 च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, वाहतूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. स्वतः ओढण्याला मात्र त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि डॉक्टरांना खरे सांगणे हा तर गुन्हा नव्हेच. बंदीमुळे चोरून विकल्या जाणाऱ्या पॉडला कोणतेही मानक लागू नाही, त्यामुळे त्यावर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घरात लहान मूल असेल तर फळांच्या वासाचा हा द्रव फार धोक्याचा. तो गिळला की बहुधा आधी उलटी होते. पुढे थरथर, सुस्ती, झटके. मुद्दाम उलटी काढू नये, बाटली किंवा पॉड सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. मोठ्यांमध्ये काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारणाशिवाय वजन उतरणे यांना पित्त समजून थांबू नये. छातीतल्या जळजळीसोबत घाम किंवा हातात कळ असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी.

सोडण्यासाठी निकोटीनचा च्युइंगगम वापरणाऱ्यांनी तो सतत चघळू नये. थोडा चघळून गालात धरावा. भराभर चघळून लाळ गिळली की उचक्या आणि जळजळ होते. तंबाखूमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर आहे.