व्ही.

ब्रिटिश कवी टोनी हॅरिसन (१९३७–२०२५) यांची दीर्घ इंग्रजी कविता. शीर्षक म्हणजे पुढे पूर्णविराम असलेले ‘व्ही’ हे लहान लिपीतले अक्षर. न्यायालयीन खटल्यांत आणि फुटबॉल सामन्यांच्या वेळापत्रकात ‘विरुद्ध’ या अर्थी हेच चिन्ह छापतात. दुसऱ्या महायुद्धात भिंतींवर रंगवलेला विजयचिन्हाचा ‘व्ही’ही कवितेत येतो. गोरा-काळा, डावा-उजवा, नवरा-बायको, वर्ग-वर्ग अशा विरोधांची एक यादीच कवितेत आहे. तिच्यात १९८४ च्या संदर्भात हिंदू-शीख या जोडीचाही उल्लेख येतो.

कविता घडते ती लीड्स शहरातील बीस्टन हिलवरच्या होलबेक दफनभूमीत. हॅरिसन यांचे वडील बेकरीत कामाला होते. घराण्यात खाटीक, दारूचा गुत्ता चालवणारे आणि पाववाले होऊन गेले. ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाशी कवितेचे नाव जोडले गेल्यामुळे कवीला खाणकामगाराचा मुलगा म्हटले जाते, ते चूक आहे. खाण येते ती दफनभूमीच्या पोटात. खाली कोळसा काढून रिकामी झालेली खाण असल्याने जमीन खचते आणि वरचे स्तंभ डावी-उजवीकडे कलतात. टेकडीवरून कवीची शाळा आणि विद्यापीठ दिसते, तसेच लीड्स युनायटेड या संघाचे मैदानही. सामना हरल्यावर घरी परतणारे चाहते दफनभूमीतून जवळची वाट काढतात. जाता जाता ते बिअरचे रिकामे डबे टाकतात आणि रंगाच्या फवाऱ्याने थडग्यांवर शिव्या, संघाचे नाव किंवा ‘नॅशनल फ्रंट’ या वंशवादी पक्षाची आद्याक्षरे लिहितात. दोन आगगाड्यांमधल्या तासाभरात कवी तण आणि कचरा काढायला येतो, तेव्हा आईवडिलांच्या दगडावर त्याला ‘युनायटेड’ हा शब्द दिसतो. परलोकावर विश्वास नसतानाही ‘दोघे पुन्हा एकत्र’ असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह त्याला आवरत नाही.

रचना : कविता ११२ कडव्यांची म्हणजे ४४८ ओळींची आहे. कडवे चार ओळींचे असून पहिली ओळ तिसरीशी आणि दुसरी चौथीशी यमकाने जुळते. ओळीत साधारण दहा अवयव (उच्चारखंड) आणि पाच आघात असतात. हा हिशोब लघुगुरूंचा नसून उच्चारातल्या जोराचा आहे, त्यामुळे मात्रा मोजून तो हाती लागत नाही. इंग्रज कवी टॉमस ग्रे यांच्या १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण चर्चच्या आवारातील विलापिकेचा साचा हाच. शेवटी कवीने स्वतःसाठी लिहिलेला मृत्युलेख जोडण्याची योजनाही तिथलीच. मात्र ग्रे यांची विलापिका १२८ ओळींची आहे. अनाम खेडुतांत एखादा मुका मिल्टन, म्हणजे वाव न मिळालेला महाकवी, पुरला गेला असेल, अशी कल्पना ग्रे करतात. हॅरिसनना मात्र शेजारच्या थडग्यांवर वर्ड्‌सवर्थ आणि बायरन ही नामवंत कवींची नावे खरोखरच सापडतात. एक चर्चचे ऑर्गन बनवणारा होता, दुसरा कातडी कमावणारा.

शिव्या या रचनेला बाहेरून चिकटवलेल्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्या आघाताच्या जागी किंवा ओळीच्या टोकाला, यमकात येतात. सुरुवातीच्या वर्णनात आणि अखेरच्या मृत्युलेखातही ‘पिट’ म्हणजे खाण या शब्दाचे यमक विष्ठावाचक शिवीशी जुळवलेले आहे. ती गाळली किंवा तिच्या जागी फुल्या टाकल्या, तर खाणीला जोडीदार उरत नाही आणि कडवे लंगडे पडते. म्हणून शाळांसाठी ‘स्वच्छ’ केलेली प्रत ही वेगळीच कविता होते.

टक्कल केलेला तरुण : कवितेच्या मध्यभागी रंग फवारणारा बेकार ‘स्किनहेड’ कवीशी भांडू लागतो. आईच्या बोलीत बोलायचे सोडून फ्रेंच शब्द कशाला वापरतोस, असे तो विचारतो. आपणही पोरवयात दंगा केला होता, हे कवी त्याला सांगतो : एका सभेत खासदार ह्यू गेट्स्केल आश्वासने देत असताना कवीने आगीच्या बंबाची नळी गायिकेवर सोडली होती. त्यावरही कविता लिहिली असशील, असा टोमणा तरुण मारतो. हा तरुण कोण, यावर मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याला पंतप्रधान थॅचर यांच्या काळातील बेरोजगारांचा प्रतिनिधी मानतात आणि शिकलेला कवी त्याच्या तोंडी आपलेच शब्द घालतो, असा आक्षेप घेतात. दुसऱ्या मते तो कवीचेच न शिकलेले रूप आहे. शेवटी तो दगडावर सही करतो आणि ते नाव कवीचेच निघते, हा दुसऱ्या मताचा मुख्य आधार. छंदही याच बाजूने साक्ष देतो. लीड्सच्या बोलीतल्या त्याच्या ओळी कवीच्या प्रमाण इंग्रजीतील ओळींसारख्याच पाच आघातांत आणि त्याच यमकबंधात बसतात. कथानकात त्या दोघांत समेट होत नाही. कडव्यात मात्र ते एकत्र नांदतात. तरीही पहिला आक्षेप पुरता निकालात निघत नाही.

वडिलांचे चित्र कवी झाकत नाही. जुन्या शेजाऱ्यांची घरे एकामागून एक विकली जातात, तिथे दक्षिण आशियातून आलेली कुटुंबे येतात. ओळखीच्या दुकानात येणारा करीचा वास म्हाताऱ्याला घाबरवतो. थडग्यावरचा द्वेष बाहेरच्या गुंडांचा आणि घर मात्र निर्मळ, अशी विभागणी त्यामुळे टिकत नाही. बीस्टनमध्ये आलेल्या कुटुंबांचा स्वतःचा आवाज कवितेत नाही.

कालनिश्चिती : दफनभूमीची भेट बहुधा मे १९८४ मधली. खाणकामगारांचा संप त्या मार्चमध्येच सुरू झाला होता. कोळसा मंडळाचे अध्यक्ष मॅकग्रेगर आणि खाणकामगार संघटना यांचा कवितेत नावानिशी उल्लेख आहे. कविता ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये जानेवारी १९८५ मध्ये छापली गेली, तर कामावर परतण्याचा निर्णय संघटनेच्या परिषदेने ३ मार्च १९८५ रोजी ९८ विरुद्ध ९१ मतांनी घेतला. म्हणजे निकाल लागण्यापूर्वीच कविता पूर्ण झाली होती. तिला संपाच्या पराभवाची विलापिका म्हणणे कालक्रमाला धरून नाही. आरंभी दिलेले संघटनेचे नेते आर्थर स्कारगिल यांचे अवतरण तर जानेवारी १९८२ चे आहे. आपले (स्कारगिल यांचे) वडील अजून रोज शब्दकोश वाचतात आणि शब्दांवरच्या हुकमतीवर माणसाचे आयुष्य अवलंबून असते असे ते म्हणतात, असा त्याचा आशय. भाषा आणि वर्ग यांचा प्रश्न कवीपुढे संपाच्या आधीपासून होता. ‘द स्कूल ऑफ एलोक्वेन्स’ (१९७८) मधील सोळा ओळींच्या सुनीतांतही तोच विषय आहे.

प्रक्षेपणाचा वाद : ब्लडॅक्स बुक्सने १९८५ मध्ये ग्रॅहम साइक्स यांच्या छायाचित्रांसह पुस्तक काढले, तेव्हा फारशी खळबळ झाली नाही. ती झाली दिग्दर्शक रिचर्ड आयर यांच्या चित्रपटामुळे. चॅनल फोरने तो ४ नोव्हेंबर १९८७ रोजी दाखवला. त्याआधीच ‘डेली मेल’ने शिव्यांवरून गदारोळ उठवला होता, दूरचित्रवाणीवरील अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी निषेध केला होता आणि हुजूर पक्षाचे खासदार जेरल्ड हॉवर्थ यांनी संसदेत प्रस्ताव मांडला होता. ‘द टाइम्स’मध्ये स्तंभलेखक बर्नार्ड लेविन यांनी कवितेची बाजू घेतली, ‘द इंडिपेंडंट’ने तर संपूर्ण कविताच छापली. चित्रपटाला रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा पुरस्कार मिळाला. वादातील लेख जोडलेली दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. बीबीसी रेडिओ फोरने फेब्रुवारी २०१३ मध्ये हॅरिसन यांच्या आवाजात कविता प्रसारित केली.