सांडपाणी मिश्रण यंत्रणेची निवड

नागरी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात रसायने पाण्यात मिसळण्यासाठी, तसेच सक्रियित गाळ (सांडपाण्यातील घाण खाणाऱ्या सूक्ष्मजीवांचे पुंज) तळाशी बसू न देता निलंबित ठेवण्यासाठी लागणाऱ्या यंत्रांची निवड. हवाटाकीत हे काम बहुधा प्राणवायूसाठी सोडलेली हवाच करते. स्वतंत्र मिश्रक मुख्यतः नायट्रोजन काढण्याच्या ॲनॉक्सिक (विरघळलेला प्राणवायू नसलेल्या, पण नायट्रेट असलेल्या) टाकीत आणि फॉस्फरस काढण्यासाठीच्या अवायवीय (प्राणवायू व नायट्रेट दोन्ही नसलेल्या) टाकीत लागतो. तेथे हवा सोडणे प्रक्रियेलाच मारक ठरते.

मिश्रणाची तीव्रता रूढीने वेगप्रवणतेत (द्रवाच्या लगतच्या थरांचा वेग अंतरागणिक किती बदलतो त्यात), म्हणजे ‘जी-मूल्या’त, सांगतात: दर घनमीटरमागील शक्तीला द्रवाच्या गतिक श्यानतेने (दाटपणाच्या मापाने) भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ. या राशीचे श्रेय सामान्यतः कॅम्प व स्टाइन यांच्या १९४३ मधील निबंधाला दिले जाते. तथापि कर्तनामुळे (थर वेगवेगळ्या वेगाने एकमेकांवरून सरकल्यामुळे) कण एकमेकांवर आदळतात हा विचार स्मोलुकोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्तरीय, म्हणजे थराथराने शांत वाहणाऱ्या, प्रवाहासाठी मांडला होता. कॅम्प-स्टाइन यांनी तो संक्षुब्ध, म्हणजे भोवरे असलेल्या, प्रवाहाला लावला, आणि आक्षेप आहे तो या विस्तारावरच. सर्वांत लहान भोवऱ्यांपेक्षा मोठ्या कणपुंजांना एकच सरासरी प्रवणता लागू पडत नाही, असे क्लीस्बी यांनी १९८४ मध्ये दाखवले. हा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो; तरीही संकल्पचित्रांत जी-मूल्यच वापरले जाते, कारण ते मोजायला सोपे आहे. श्यानता तापमानानुसार बदलत असल्याने तेवढ्याच शक्तीला ३० अंश सेल्सियसला मिळणारे मूल्य १० अंशांच्या तुलनेत सुमारे सव्वापट असते, ही बाब थंड देशांतील कोष्टके जशीच्या तशी उचलताना सुटते.

गाळ निलंबित ठेवताना मात्र घनमीटरमागे किती वॉट, हा प्रश्न अपुरा आहे. टाकीभर प्रवाह चालवतो तो पंख्याचा रेटा (द्रवाला पुढे ढकलणारे बल), आणि निमज्जी (पाण्यात बुडून चालणाऱ्या) मिश्रकांच्या चाचणीचे २००७ चे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २१६३०, रेट्याच्या मापनावरच भर देते. भूमितीय साधर्म्य असलेल्या पंख्यांत रेटा वेगाच्या वर्गाशी व व्यासाच्या चौथ्या घाताशी, तर शक्ती वेगाच्या घनाशी व व्यासाच्या पाचव्या घाताशी समप्रमाणात असते. म्हणून तेवढ्याच रेट्यासाठी व्यास दुप्पट केल्यास शक्ती तत्त्वतः निम्मी पुरते. सांडपाणी गोल फिरत राहणाऱ्या लांब वळसेदार खंदकासारख्या टाकीत मोठा, संथ पंखा सरस ठरतो तो यामुळेच. लहान, चौकोनी टाकीत त्याला प्रवाह विकसित करण्याइतकी लांबी मिळत नाही. तेथे वेगवान लहान मिश्रक किंवा उभ्या दांड्याचा, वर मोटर असलेला मिश्रक घेतात.

पात्यांना गुंडाळणाऱ्या चिंध्या व केस हे बिघाडाचे नेहमीचे कारण असल्याने मागे झुकलेली पाती आणि आधीची बारीक चाळणी यांचा विचार निवडीबरोबरच करावा लागतो. गाळपाचक टाक्यांत (जेथे हवेविना गाळ कुजवतात) वायूने, पंपाने किंवा यांत्रिक मिश्रकाने ढवळण्याच्या पद्धती प्रचलित आहेत.