रग्बीत रेड कार्ड मिळाल्यावर पुढे काय? सुनावणी, कागदपत्रं, शिक्षा आणि अपील यांची माहिती

१२ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर वेल्सविरुद्ध खेळताना इंग्लंडचा कप्तान ओवेन फॅरेल याचा खांदा टेन बॅशमच्या डोक्यावर आदळला. रेफरीने आधी यलो कार्ड दाखवलं. फॅरेल बाहेर बसलेला असतानाच व्हिडिओ तपासला गेला आणि यलोचं रेड झालं. १५ ऑगस्टला शिस्तपालन समितीने ते रेड कार्ड रद्द ठरवलं. २२ ऑगस्टला अपील समितीने तो निर्णय फिरवला आणि फॅरेलवर चार सामन्यांची बंदी घातली. एका टॅकलवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडण्याच्या एका प्रयत्नावर, दहा दिवसांत हे सगळं झालं.

त्या दिवसांत अनेकांना प्रश्न पडला होता की रग्बीत शेवटचा शब्द नक्की कोणाचा? उत्तर नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे, फक्त ते कुणी समजावून सांगत नाही. इंग्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं आता शाळेच्या आणि क्लबच्या संघांतून खेळतात. आपल्याकडेही हा खेळ वाढतोय. अशा घरात ‘सुनावणीला हजर राहा’ असा ईमेल आला की धांदल उडते. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देतो.

प्रकरण समितीपुढे कसं जातं

रग्बी युनियन या रग्बीच्या प्रकारात धोकादायक किंवा दांडगाईचा खेळ म्हणजे काय, हे खेळाच्या नियम क्रमांक ९ मध्ये सांगितलं आहे. असा खेळ झाल्यावर मैदानाबाहेर काय करायचं, हे वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या विनियम १७ मध्ये आहे. देशोदेशीच्या संघटना आणि स्पर्धा याच चौकटीवर आपापली नियमावली बांधतात. त्यामुळे मुदती आणि बारीक तपशील बदलतात, गाभा तोच राहतो.

नुसत्या एका यलो कार्डाची, म्हणजे दहा मिनिटं बाहेर बसण्याची, सुनावणी होत नाही. एकाच हंगामात यलो साठत गेले तर मात्र प्रकरण समितीकडे जाऊ शकतं. रेड कार्ड मिळालं की प्रकरण आपोआप पुढे जातं. रेफरीने थेट रेड दाखवलं काय किंवा मोठ्या स्पर्धांत यलो दाखवून दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले आणि तपासणी अधिकाऱ्याने जास्तीत जास्त आठ मिनिटांत व्हिडिओ पाहून त्याचं रेड केलं काय, पुढचा रस्ता एकच. काही स्पर्धांत रेड कार्डानंतर २० मिनिटांनी त्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवता येतो. ही सवलत संघाला आहे. बाहेर गेलेल्या खेळाडूची सुनावणी त्यामुळे टळत नाही.

दुसरा मार्ग बऱ्याच जणांना माहीत नसतो. मोठ्या सामन्यांना एक स्वतंत्र सायटिंग कमिशनर नेमलेला असतो. मैदानावर रेफरीच्या नजरेतून सुटलेली किंवा त्याने सौम्यपणे घेतलेली घटना रेड कार्डाच्या तोडीची होती, असं त्याला वाटलं तर तो ठरलेल्या मुदतीत खेळाडूविरुद्ध तक्रार नोंदवतो. ही मुदत दिवसांत नाही, तासांत मोजतात. २०१९ च्या विश्वचषकात सापोरोला ऑस्ट्रेलियाच्या रीस हॉजने फिजीच्या पेसेली याटोला जो टॅकल केला, त्यावर मैदानात कार्डच निघालं नव्हतं. तक्रार नंतर आली आणि हॉजला तीन सामने बाहेर बसावं लागलं. सामना संपला, कार्ड नाही, म्हणजे सुटलो असं समजू नका. घटना रेडच्या किंचित खाली असेल तर कमिशनर फक्त ताकीद देतो, पण ती ताकीदही नोंदीत राहते.

समितीवर कोण असतं

बहुतेक वेळा तिघं असतात. अध्यक्ष कायद्याचा अनुभवी माणूस, सोबतीला माजी खेळाडू, प्रशिक्षक किंवा रेफरी. संबंधित संघांशी त्यांचा संबंध नसावा, हा दंडक आहे. फॅरेलच्या पहिल्या समितीतले तिघंही ऑस्ट्रेलियाचे होते आणि अपील समितीत न्यूझीलंड, सिंगापूर आणि आयर्लंडची माणसं होती. छोट्या प्रकरणात एकटा न्यायिक अधिकारीही निकाल देतो.

अलीकडे काही स्पर्धांत आधी एक आढावा समिती केवळ कागद आणि व्हिडिओ पाहून निष्कर्ष आणि शिक्षा सुचवते. खेळाडूने ती मान्य केली तर विषय तिथेच संपतो, नाही केली तर पूर्ण सुनावणी होते. चूक उघड दिसत असेल तर हा मार्ग सोयीचा आहे, कारण वेळ वाचतो आणि मनस्तापही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद: कबुलीजबाब

सुनावणीच्या आधी खेळाडूला दोन प्रश्नांची लेखी उत्तरं द्यावी लागतात. नियमभंग झाला हे मान्य आहे का? आणि तो रेड कार्डाच्या पातळीचा होता हे मान्य आहे का? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर देता येतं. किंबहुना गंभीर प्रकरणांत युक्तिवाद बहुधा याच फटीतून होतो: ‘चूक झाली, पण ती यलोपुरतीच होती.’

‘मी मुद्दाम केलं नाही’ हा बचाव मात्र फारसा कामाचा नाही. बेपर्वाईने केलेला धोकादायक खेळही नियमभंगच असतो. हेतू नव्हता हे शिक्षा ठरवताना उपयोगी पडतं, सुटका होण्यासाठी नाही. जबाब लिहिताना पहिलं वाक्य हेच ठेवू नका. घटनेच्या आधी तुम्ही कुठे होता, चेंडू कोणाकडे होता, समोरच्याने दिशा कधी बदलली, तुम्ही किती खाली वाकला होता, हात कुठे होते, हे क्रमाने लिहा. समिती व्हिडिओची एकेक फ्रेम थांबवून तुमच्या जबाबाशी पडताळून पाहते. व्हिडिओत दिसत नाही असं काही लिहिलंत तर उरलेल्या जबाबाचीही किंमत जाते.

सोबत काय जोडायचं

रेफरीचा अहवाल, व्हिडिओ आणि समोरच्या खेळाडूच्या दुखापतीचा वैद्यकीय अहवाल सहसा आयोजकांकडूनच येतो. तो तुमच्या हातात पडला नसेल तर लेखी मागून घ्या, पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या बाजूने जातं ते खेळाडूचं निवेदन, आतापर्यंतची शिस्तीची नोंद, प्रशिक्षकाचं किंवा शाळेचं वर्तनाबद्दलचं पत्र आणि साक्षीदार असतील तर त्यांचे जबाब. दुखावलेल्या खेळाडूची माफी मागितली असेल तर त्या मेसेजची प्रतही जोडा. समितीच्या लेखी निकालात त्या माफीचा उल्लेख होतो आणि शिक्षा कमी करताना ती धरली जाते. शिक्षेचं सोडा, माफी तशीही मागायलाच हवी. समोरच्याच्या डोक्याला मार बसलेला असतो.

एक कागद बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक. बंदी कॅलेंडरवरच्या नुसत्या आठवड्यांवर फिटत नाही. जो सामना तुम्ही खरोखर खेळला असता तोच मोजला जातो. हंगाम संपलेला असेल तर बंदी पुढच्या हंगामात सरकते. म्हणून कोणत्या तारखेला, कोणत्या संघाकडून, कोणत्या स्पर्धेत खेळणं ठरलं होतं, याचं पत्र क्लबकडून घ्या. ते मोघम असेल तर समिती तो सामना धरत नाही.

अठरा वर्षांखालील खेळाडूसोबत आई-वडील किंवा जबाबदार मोठी व्यक्ती असावी. खेळाडूला वकील किंवा संघ व्यवस्थापक सोबत आणता येतो. क्लबच्या पातळीवर वकील लागतोच असं नाही. नियमावली नीट वाचलेला व्यवस्थापक पुरतो.

सुनावणीच्या दिवशी

आता बहुतेक सुनावण्या व्हिडिओ कॉलवर होतात. अध्यक्ष ओळख करून देतो, समितीतल्या कोणावर हरकत आहे का हे विचारतो, कबुलीजबाब पुन्हा वाचून दाखवतो. मग व्हिडिओ लावतात आणि खेळाडूला प्रश्न विचारतात. उत्तर खेळाडूने स्वतः द्यायचं असतं.

पुराव्याचा निकष फौजदारी खटल्यासारखा ‘निःसंशय सिद्ध’ असा नाही. कोणती बाजू जास्त संभाव्य वाटते, एवढंच पाहतात. रेड कार्ड मैदानातच मिळालं असेल तर रेफरी चुकला हे दाखवण्याचा भार खेळाडूवर येतो.

डोक्याला धक्का लागल्याच्या प्रकरणांत प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. डोक्याला संपर्क झाला का? तो नियमबाह्य खेळातून झाला का? धोका किती होता? आणि तीव्रता कमी करणारं काही घडलं का, उदाहरणार्थ समोरचा अचानक खाली आला किंवा त्याने एकदम दिशा बदलली? या शेवटच्या प्रश्नाला एक अट आहे. टॅकल मुळातच, कोणत्याही परिस्थितीत बेकायदा असेल तर सौम्यतेचा लाभ मिळत नाही.

शिक्षेचा हिशोब

प्रत्येक गुन्ह्याला तीन पायऱ्या आहेत: खालची, मधली आणि वरची. धोकादायक टॅकलला खालची पायरी २ आठवडे किंवा सामने, मधली ६ आणि वरची १० पासून पुढे. टॅकलमध्ये डोक्याला किंवा मानेला धक्का लागला असेल तर समितीला मधल्या पायरीच्या खाली जाताच येत नाही. चावणं किंवा मुद्दाम डोळ्यात बोट घालणं यांची सुरुवातच १२ आठवड्यांपासून होते. रेफरीला शिवीगाळ केली तर खालची पायरी ६ आठवड्यांची आहे. हे मला योग्यच वाटतं. रेफरीवर धावून जाण्याची मुभा ज्या खेळात रुजली तिथे पुढे काय होतं, ते आपण इतर खेळांत पाहतोच.

पायरी ठरवताना हेतू, बेपर्वाई, चिथावणी, समोरच्याला झालेली इजा आणि तो किती असहाय अवस्थेत होता हे पाहतात. त्यावर जुना वाईट इतिहास असेल तर वाढ होते, आणि लवकर कबुली, स्वच्छ नोंद, कमी वय, पश्चात्ताप आणि सुनावणीतलं वागणं यांबद्दल सूट मिळते. ही सूट सहसा निम्म्याहून जास्त नसते. वर सांगितलेल्या रीस हॉजचं गणित असंच झालं: ६ वरून ३. त्या निकालात समितीने नोंदवलं की उंच टॅकलबाबत वर्ल्ड रग्बीने घालून दिलेली चौकटच त्याला नीट माहीत नव्हती आणि तिचं प्रशिक्षणही त्याला मिळालेलं नव्हतं. विश्वचषकात उतरलेल्या संघाच्या खेळाडूबद्दल असं लिहावं लागणं गंभीर आहे. त्याची जबाबदारी एकट्या खेळाडूची नाही, प्रशिक्षकांचीही आहे.

डोक्याला धक्का लागलेल्या प्रकरणांत टॅकलचं तंत्र सुधारण्याचा प्रशिक्षण कार्यक्रम पूर्ण केला तर बंदीतला शेवटचा सामना माफ होऊ शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या टॉम करीला अर्जेंटिनाविरुद्धच्या रेड कार्डाबद्दल तीन सामन्यांची बंदी झाली होती. ती या कार्यक्रमामुळे दोनवर आली.

अपील कोण करू शकतं

खेळाडू करू शकतोच. पण वर्ल्ड रग्बी किंवा आयोजकही करू शकतात, आणि फॅरेलच्या बाबतीत तेच घडलं. पहिल्या समितीने म्हटलं होतं की फॅरेलचा सहकारी जेमी जॉर्जच्या टॅकलमुळे बॅशमची दिशा अचानक आणि बरीच बदलली, म्हणून हे यलोच होतं. अपील समितीने एक गोष्ट हेरली. फॅरेलने समोरच्याला हातांनी धरण्याचा प्रयत्न केला होता का, या मुद्द्याचा पहिल्या निकालात उल्लेखच नव्हता. तेवढ्या चुकीवर त्यांनी त्या मुद्द्यावर प्रकरण नव्याने ऐकलं आणि टॅकल मुळातच बेकायदा ठरवला. मग दिशा कितीही बदललेली असली तरी लाभ शून्य. मधली पायरी ६, त्यातून कबुली, पश्चात्ताप आणि चांगलं वर्तन यांचे २ वजा, राहिले ४. त्यात विश्वचषकातले अर्जेंटिना आणि जपानविरुद्धचे सामने गेले.

यातून अपिलाचं खरं स्वरूप कळतं. ‘शिक्षा जास्त वाटते’ एवढं पुरत नाही. पहिल्या समितीने काय पाहिलं नाही किंवा कुठला नियम चुकीचा लावला, ते नेमकं दाखवावं लागतं. म्हणून पूर्ण लेखी निकाल हातात आल्याशिवाय अपिलाचा मसुदा करू नका, आणि तो आला की मुदत लगेच तपासा, ती फार थोडी असते. खेळाडूंच्या बाजूनेही अपिलं यशस्वी होतात. २०१५ च्या विश्वचषकात स्कॉटलंडचे रॉस फोर्ड आणि जॉनी ग्रे यांची तीन आठवड्यांची बंदी अपिलात रद्द झाली आणि दोघं उपांत्यपूर्व सामन्यासाठी मोकळे झाले.

खेळाशिवायचं गैरवर्तन

मैदानावरच्या खेळापलीकडच्या वर्तनासाठी वेगळं नियमन आहे. ते फक्त खेळाडूंना नाही, प्रशिक्षकांना आणि संघटनांनाही लागू आहे. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रॅसी इरॅस्मस यांनी रेफरींच्या निर्णयांवर टीका करणारा ६२ मिनिटांचा व्हिडिओ केला होता. त्यांना दोन महिने रग्बीच्या सर्व कामांतून बाहेर ठेवलं गेलं, सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत सामन्याच्या दिवशीची सगळी कामंही बंद, आणि तिथल्या संघटनेला २०,००० पौंडांचा दंड झाला.

आपल्या खेळाडूंसाठी

रग्बी इंडिया ही वर्ल्ड रग्बीची सदस्य संघटना आहे. एका देशात लागलेली बंदी दुसऱ्या देशातही लागू राहते. इंग्लंडमधल्या क्लबकडून खेळताना बंदी आली आणि सुट्टीत मुंबई-पुण्यात येऊन एखाद्या स्पर्धेत उतरलात तर तो बंदीचा भंग ठरतो. सेव्हन्समध्येही, म्हणजे सात जणांच्या संघांच्या रग्बीतही, उतरता येत नाही. क्लब बदलतानाही चालू बंदीची माहिती नव्या क्लबला लेखी द्या आणि सुनावणीचा निकाल, ईमेल, वेळापत्रकाचं पत्र हे सगळं एकत्र जपून ठेवा. पुढे कधी नोंद तपासली गेली तर शिक्षा पूर्ण केल्याचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जाऊ शकतो.