फॉरमॅट मारायच्या आधी एसएमपीएसकडं बघा

कॉम्प्युटरचं बटन दाबलं, पंखा फिरला, कंपनीचा लोगो आला अन् खट्. स्क्रीन काळी, परत पंखा, परत लोगो, परत खट्. असं व्हायला लागलं की आपल्याकडं बीडपासून नांदेडपर्यंत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून घ्या." मला या उत्तराचा लई राग येतो, कारण यात लोकांचे फोटो जातात, टॅलीचा डेटा जातो अन् बिघाड जिथल्या तिथंच राहतो.

जरा क्रम बघा. मशीन चालू झाली की आधी मदरबोर्डवरच्या (म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच्या) चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्राम चालतो, तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो अन् मग कुठं डिस्कवरून विंडोज वाचायला घेतो. घराघरात सापडणारे व्हायरस राहतात त्या विंडोजमध्ये. मशीन लोगोवरच मरत असेल तर व्हायरस अजून उठलेलाच नाही, त्याला कशाला धरता? बायोसला हात घालणारे व्हायरस झालेत, नाही असं नाही, १९९८ चा सीआयएच बायोस पुसून टाकायचा, पण मग मशीन चालूच होत नव्हती, रिस्टार्ट होत बसत नव्हती.

म्हणून पहिला प्रश्न हाच की मशीन कुठपर्यंत जाऊन पडते. विंडोजचं गोल चक्र फिरायला लागल्यावर पडत असेल तर ड्रायव्हर (म्हणजे एखादा पार्ट चालवणारा प्रोग्राम), अर्धवट अपडेट किंवा खराब डिस्क. विंडोज एरर आली की आपोआप रिस्टार्ट मारतं, त्यामुळं निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचताच येत नाही. दोनतीनदा बूट फेल झालं की विंडोज १० रिपेअरची स्क्रीन दाखवतं, तिथं ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करा अन् एररचं नाव लिहून घ्या, निम्मं काम तिथंच होतं.

लोगोच्या आधी किंवा लोगोवर पडत असेल तर मात्र माझा पहिला संशय एसएमपीएसवर.

एसएमपीएस म्हणजे तो पत्र्याचा डबा, जो २३० व्होल्टचा एसी घेऊन १२, ५ अन् ३.३ व्होल्टचा डीसी देतो. त्यातून एक करड्या रंगाची वायर निघते, तिचं नाव पॉवर गुड. सगळे व्होल्टेज नीट बसले की एसएमपीएस १०० ते ५०० मिलीसेकंद थांबतो अन् मग या वायरवर ५ व्होल्टचा सिग्नल देतो. तो येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच दाबून धरतो. अन् चालू असताना हा सिग्नल पडला की प्रोसेसर परत रीसेट, सिग्नल परत आला की सगळं पहिल्यापासून. म्हणजे आपण ज्याला मशीन येडी झाली म्हणतो ती खरं तर राखण चालू असते.

आता सिग्नल पडतो कामून? कॅपॅसिटरमुळं. कॅपॅसिटर म्हणजे दारातला रांजण समजा, नळाला पाणी कमीजास्त आलं तरी तांब्या बुडवणाऱ्याला फरक कळत नाही. या कॅपॅसिटरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या अन् ओला इलेक्ट्रोलाइट असतो, तो उष्णतेनं हळूहळू सुकतो अन् कॅपॅसिटरचा आतला रोध वाढतो, त्याला ईएसआर म्हणतात. समजा ईएसआर ०.०२ ओहम आहे अन् २ अँपिअरचा रिपल करंट, म्हणजे सारखा कमीजास्त होणारा प्रवाह, आहे, तर व्होल्टेजमध्ये ०.०४ व्होल्टची थरथर. ईएसआर दहापट झाला तर ०.४ व्होल्ट. एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या, नियमात १२ व्होल्टच्या लाइनवर ०.१२ व्होल्टच्या वर थरथर चालत नाही. व्होल्टेज असं नीट बसेना की पॉवर गुडचा सिग्नल पडू शकतो. अन् मीटर लावला तर तो सरासरी दाखवतो, १२.१, सगळं ओके, मेकॅनिक म्हणतो पॉवर बरोबर आहे. ही थरथर बघायला ऑसिलोस्कोप लागतो, तो गल्लीतल्या दुकानात कुठला!

इथं आपला मराठवाडा आडवा येतो. तापमान १० डिग्री वाढलं की असल्या कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ डिग्रीला २००० तासांचा कॅपॅसिटर ६५ डिग्रीला ३२,००० तास चालतो अन् ७५ ला फक्त १६,०००. मे महिन्यात परभणीत बाहेर ४२-४३, वरून पत्र्याची खोली, डब्याच्या जाळीत धूळ अन् कापसाचे तंतू, मग आतली हवा किती तापत असेल तुम्हीच बघा.

अन् उन्हाळ्यात सुकलेला कॅपॅसिटर उघडा पडतो थंडीत. इलेक्ट्रोलाइट गार असला की ईएसआर अजून वाढतो, त्यामुळं डिसेंबरच्या सकाळी मशीन चारपाच वेळा रिस्टार्ट मारते, तेवढ्यात आतून कोमट होते अन् मग दिवसभर झकास चालते. शेवटचं बटन ज्यानं दाबलं त्याच्या हाताला गुण आहे असं सगळं ऑफिस म्हणतं! सीपीयूला लिंबू-मिरची बांधलेली पण मी बघितलीय, अन् एका क्लिकात पीसी दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती मला त्याच माळेतल्या वाटतात.

करायचं काय, तर ओळखीतल्या कुणाचा चांगला, तेवढ्याच वॅटचा एसएमपीएस लावून बघा. चालली तर निकाल लागला. नाही चालली तर रॅमची एकच पट्टी ठेवून बघा, तिचे पिवळे पॉइंट खोडरबरानं पुसा, प्रोसेसरचा पंखा फिरतोय का, बटन आत अडकलंय का तेवढं बघा. मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारचे कॅपॅसिटर वरून फुगलेत का तेही बघा, फुगले असतील तर तेच बदलावे लागतील. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो अन् प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहू शकतो.